फक्त निवडलेला रकाना

लाल भाजी घ्यावी की नको, एवढंच दामिनी पुटपुटली होती, तेही स्वतःशी. पावर हाउस स्टेशनाबाहेरचा रविवारचा बाजार भरात होता. मागं ऑटोवाले दुर्ग-दुर्ग म्हणून ओरडत होते, स्टेशनातली घोषणा तुकड्यातुकड्यानं येत होती, आणि शेजारचा भांडेवाला गिऱ्हाइकाला कढई ठोकून दाखवत होता. अशात, पाच-सहा हातांवर तिच्याकडे पाठ करून लसणाचं पोतं उसवत बसलेला माणूस मान न वळवता म्हणाला, "लाल भाजी नोको घेऊ, सूनबाई. कालची आहे, पाणी मारून ठेवली." मग तो वळला आणि हसला. बळीराम होता, खुर्सीपारला त्यांच्याच गल्लीत समोरच्या ओळीत राहणारा. "हाव काका," ती म्हणाली, आणि गडबडीत नेमकी तीच लाल भाजी अर्धा किलो घेऊन बसली. भाजीवाली खूश. बळीराम पुन्हा पोत्याकडे वळला.

शेअर ऑटोत तिघींच्या मध्ये दाबून बसल्यावर तिला धस्स झालं. तोवर नुसतंच काहीतरी खुपत होतं, चपलेत खडा गेल्यासारखं. बळीरामला ऐकू आलं कसं? त्याचे तर कान गेले होते. जामुल रस्त्यावरच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात बावीस वर्षं क्रेनखाली काम केलेला माणूस. मार्चमध्ये त्याचा गेट पास जमा झाला तो कानांपायीच. आणि कान गेले हे ठरवलं कोणी? डॉक्टरनं नाही, कारखान्याच्या साहेबानंही नाही. कंत्राटदाराच्या ऑफिसात बसून दामिनीनं बनवलेल्या यादीनं ठरवलं. एकशे अठरा माणसं, त्यातली अकरा बाहेर. बळीरामचं नाव त्या अकरांत. त्याची बायको मनकर्णाकाकी तेव्हा दारात येऊन म्हणाली होती, "यायले तर शेजारच्या घरचा नळ आलेला ऐकू येते वं, मंग कान कायचे गेले?" आणि दामिनीनं अगदी ऑफिसातल्या आवाजात सांगितलं होतं की काकी, मशीन खोटं बोलत नाही. ते वाक्य आता ऑटोत बसल्याबसल्या तिला इतकं झोंबलं की तिनं खांदा आक्रसला, आणि शेजारची बाई म्हणाली, "सीधे बैठो ना बहनजी."

मशीन खोटं बोललंच नव्हतं. मशीन आलं होतं एका व्हॅनमधून. दरवर्षी येतं. एकेकाला काचेच्या खोक्यात बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, टुंईं ऐकू आलं की बटण दाबायचं. शेवटी एक आकडा. आकडा जितका मोठा तितका कान जड. तो आकडा दामिनीच्या शीटमध्ये येतो. एका रकान्यात गेल्या वर्षीचा, शेजारच्या रकान्यात यंदाचा, आणि तिसऱ्यात तिनं एकदाच लिहून खालपर्यंत ओढलेला फॉर्म्युला: यंदाच्यातून गेल्या वर्षीचा वजा. फरक दहाच्या वर गेला की चौथ्या रकान्यात आपोआप लाल अक्षरं उमटतात, 'क्रेनखाली काम नाही'. ऑफिसात बाकी सगळे अजून कॅल्क्युलेटर बडवतात. दामिनीनं पावर हाउसच्या एका जिन्यावरच्या क्लासमध्ये सहा महिने घालून हे शिकून घेतलं होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता. अभिमान कसला, तोराच. दोन रकाने शेजारी उभे करायचे. एक म्हणतो होतं हे, दुसरा म्हणतो आहे हे, आणि तिसरा कोणाची बाजू न घेता मधलं अंतर सांगतो. माणसांना हे जमत नाही, असं तिचं मत होतं. माणसं वाद घालतात, रुसतात, ऐकलं न ऐकलं करतात.

ऑटो खड्ड्यातून गेला आणि तिला मार्चमधली ती दुपार अख्खी दिसली. सेफ्टीचे साहूजी खुर्चीमागं उभे होते, घाईत, एका हातात मोबाइल. "मैडम, सबसे खराब कान किसका है, ऊपर कर दो." मोठ्या आकड्यांवरून क्रम लावायचा, दोन क्लिकचं काम. तिनं यंदाचा रकाना निवडला आणि क्रम लावा म्हटलं, तर कॉम्प्युटरनं मध्येच विचारलं: शेजारचे रकानेही सोबत हलवायचे, की फक्त निवडलेला रकाना? साहूजी म्हणाले, "बस कान वाला ही देखना है." आणि तिनं दुसरं बटण दाबलं. दाबलंच असणार. तिला बोटाखालची ती जागासुद्धा आठवली. आकडे वरखाली झाले, मोठे वर आले, छोटे खाली गेले. नावं मात्र जिथल्या तिथं राहिली. मग साहूजी म्हणाले, अब डिपार्टमेंट वाइज कर दो, तिनं सगळं टेबल डिपार्टमेंटनुसार लावलं, आणि ती आकड्यांची उतरंड मोडून गेली. फॉर्म्युल्यानं कुरकुर केली नाही. त्याला शेजारी जे सापडलं ते त्यानं वजा केलं.

आणि कोणालाही शंका आली नाही, याचंच तिला जास्त नवल वाटलं. नवल कसलं, रागच. शीट मुळात टोकन नंबरानं लावलेली होती. सगळ्यांत जुनी माणसं सगळ्यांत वर. त्यामुळं सगळ्यांत वाईट आकडे जाऊन बसले ते सगळ्यांत म्हाताऱ्या माणसांपुढं. बळीरामचा टोकन नंबर चार. पन्नाशी उलटलेला माणूस, त्याचा कान जाणारच, सगळ्यांनी माना डोलावल्या. खालच्या दोन-चार पोरांचे कान गेल्या वर्षीपेक्षा चक्क सुधारले होते; साहूजी हसून म्हणाले होते, "अच्छा है, लड़के मोबाइल कम सुन रहे होंगे." डॉक्टरनं सरासरी मागितली, ती जुळली. ती जुळणारच. कोणाचाही कान कोणालाही लावा, एकशे अठरांची बेरीज तेवढीच.

घरी आली तेव्हा साडेबारा होत आले होते. तिचा नवरा अतुल अंगणात लेकीच्या, टीनाच्या, सायकलची चेन बसवत होता, दाराकडे पाठ करून. त्याच कारखान्यात दोनची ड्यूटी, म्हणजे सव्वा वाजता निघायचा. "जेवून घ्या," दामिनी आतूनच म्हणाली. तो हलला नाही. तिनं पिशवी ओट्यावर आपटली. हेच ते. गेलं वर्षभर हेच. आधी तिला वाटलं होतं की कानांचंच काही असेल. कारखान्यात एवढा दणदणाट, तिथं कोणालाच कानांत घालायला कापसाच्या बोळ्याइतकीही गोष्ट मिळत नाही. म्हणून मार्चमध्ये शीट तयार झाली तेव्हा तिनं सगळ्यांत आधी टोकन त्र्याहत्तर पाहिला होता. अतुल. गेल्या वर्षी सव्वीस, यंदा चोवीस. केवढा जीव भांड्यात पडला होता. आणि मग, दोन-तीन दिवसांनी, त्याच आकड्यानं तिचं डोकं फिरवायला सुरुवात केली. कान ठणठणीत आहेत ना? मग हाक मारली तर वळत नाही, विचारलं तर भलत्यालाच 'हाव' म्हणतो, रात्री कूस बदलून तोंड भिंतीकडे, ते कशामुळं? कान शाबूत आहेत, मन नाही. हे तिनं नागपूरला बहिणीलाही फोनवर सांगितलं होतं, पुराव्यासकट. यादी लागली त्या दिवशी तो काही कारण नसताना पावर हाउसहून बालूशाही घेऊन आला होता. तिच्या हातात डबा देऊन नुसता उभा राहिला. तिनं विचारलं, काय लपवून राहिले? तो हसला फक्त. तेव्हापासून डबा स्वतः घासतो, पहाटेचं पाणी स्वतः भरतो, तिला उठू देत नाही. बायकोशी दोन शब्द बोलायला नकोत म्हणून माणूस किती कामं ओढवून घेतो, असं तिला वाटायचं. आणि मग तिनंही बोलणं सोडलं. तू नाही तर मी नाही. घरात तिघं माणसं आणि आवाज टीव्हीचा.

टीना बाहेर गेली, बापाला वळसा घालून त्याच्या समोर उकिडवी बसली, त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि मग म्हणाली, "पापा, खाना." तो लगेच उठला.

दामिनीनं लॅपटॉप उघडला. व्हॅनवाल्यांची मूळ फाइल मेलमध्ये होतीच. आठ महिन्यांत तिच्याकडे पुन्हा बघायची कोणाला गरज पडली नव्हती. टोकन नंबर आणि आकडा, टोकन नंबर आणि आकडा, ज्या क्रमानं माणसं खोक्यात बसली त्या क्रमानं. ती तिनं दुसऱ्या पानावर उतरवली आणि फॉर्म्युला लिहिला: या टोकनाचा आकडा तिकडून शोधून आण. एक कंस राहून गेला, पुन्हा लिहिला. मनात फक्त बळीराम होता. चूक सापडू नये असं वाटत होतं, आणि सापडली नाही तर आपण वेड्या आहोत असंही. टोकन चार: गेल्या वर्षी एकोणतीस, यंदा तीस. एकचा फरक. बावीस वर्षं त्या आवाजात राहून या माणसाचे कान देवानं जपले होते, आणि दामिनीनं एका क्लिकमध्ये घालवले होते. आतून अतुलचा ताटात पोळी मोडण्याचा आवाज येत होता. ती फॉर्म्युला खाली ओढत गेली. चौथ्या रकान्यातली जुनी लाल अक्षरं विझत गेली आणि दुसरीकडेच पेटत गेली. आता नऊ जण होते. जुन्या अकरांपैकी त्यात एकच.

टोकन त्र्याहत्तर लाल होतं.

सव्वीस आणि सत्तावन्न. तिनं सेलवर जाऊन पाहिलं, मूळ फाइल उघडून पाहिलं, टोकन नंबर बोट ठेवून वाचला. एकशे अठरांमध्ये सगळ्यांत मोठा आकडा हाच होता. म्हणजे मार्चमध्ये साहूजी मागून म्हणत होते सबसे खराब कान किसका है, तेव्हा उत्तर तिच्याच घरात होतं. तिला आधी रडू आलं नाही, आधी लाज वाटली, आणि ती लाजही सरळ नव्हती. त्यात कुठंतरी सुटका होती, की हा मला टाळत नव्हता. आठ महिने हा मला टाळत नव्हता! तिला उठून नाचावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी आठवलं, ऑक्टोबरमध्ये एक दिवस तो घरी येऊन हसत म्हणाला होता, आज क्रेनची प्लेट डोक्यावरून गेली, सोबतच्या गोलूनं ओढलं म्हून वाचलो. क्रेन फिरताना घंटी वाजते. घंटी ऐकून खालची माणसं बाजूला होतात. एवढीच तिथली व्यवस्था. आणि तिनं तेव्हा तोंड वर करून पाहिलंही नव्हतं. मोबाइल बघत म्हणाली होती, ध्यान कुठं असते तुमचं.

"टीना," तिनं हाक मारली. पोरगी आली. "तू पापांच्या समोर जाऊन कावून बोलते?"

"ऐसे ही. पीछे से बोलो तो पापा हाँ-हाँ बोल देते हैं, सुनते नहीं."

"कवापासून?"

"पता नहीं. मैं सेकंड में थी तब से." टीना आता तिसरीत होती. "मम्मी, सबको पता है. गोलू भैया को भी." आणि ती सायकल घ्यायला पळाली.

सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे ज्यांनी बघितलं त्यांना. दामिनीनं आकडा बघितला होता. तिनं साहूजींना आणि डॉक्टरला मेल लिहायला घेतला. मार्चच्या यादीत चूक झाली, चूक माझी, दुरुस्त यादी सोबत जोडली आहे, यातल्या नऊ जणांना आजपासूनच क्रेनखाली पाठवू नये. लिहिताना तिला नीट कळत होतं की हे गेलं की बळीरामला परत बोलावणं येईल आणि अतुलचा गेट पास जमा होईल. यार्डात झाडू मारायला ठेवतील किंवा तेही नाही. पंचेचाळिशीच्या आत बहिरा ठरलेला माणूस. शिवाय तिची स्वतःची नोकरी राहते की नाही हा प्रश्न होताच, पण तो तिला आत्ता दूरचा वाटला. मेल लिहून झाला. बोट पाठवा या शब्दावर जाऊन थांबलं. एक वाजून दहा मिनिटं.

अतुल हात पुसत आला, शर्ट चढवला, बूट घालायला बसला. ती उठली आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, अगदी त्याची नजर वर येईल तिथं. "तुमाले ऐकू येत नाई," ती म्हणाली.

त्यानं तिच्या ओठांकडे पाहिलं. मग पलंगावरच्या लॅपटॉपकडे, त्यातल्या लाल अक्षरांकडे. "साहूजीले समजलं का?" त्यानं विचारलं.

"तुमाले माहीत होतं?"

"व्हॅनमधल्या पोरानं तवाच सांगतलं होतं. भैया, बहुत डाउन है, लिस्ट में आ जाओगे." तो बुटाची नाडी हातात धरून बोलत होता, सावकाश, आणि दामिनीला जाणवलं की हा किती दिवसांत इतकं सलग बोलला नाही. "मी तर तयारीतच होतो. दुसरं काम पाहाव लागन म्हून गोलूले बोलून बी ठेवलं होतं. मंग लिस्ट लागली, त्यात माहं नावच नाई. मी दोनदा वाचली." तो थांबला. "लिस्ट तर तू बनवली होती ना. मले वाटलं, तूनं काढलं माहं नाव. माह्यासाठी."

त्यानं त्या बुटाची नाडी बांधली.

"विचारलं नाई. म्हटलं, विचारलं तर तुले खोटं बोला लागन, नाई तर कबूल करा लागन. बळीरामकाकाच्या जागी आपण वाचलो हे समजे मले. त्याच्या दारासमोरून मान खाली घालून जातो. पण वाटे, घरी कोणीतरी आहे आपलं. येवढं मोठं काम करून एक शब्द नाई बोलली बाई." आणि तो हसला, बालूशाहीचा डबा देताना हसला होता तसाच. "तू चूप राहे, तर मले वाटे, याच्यापायीच चूप आहे. मी बी मंग चूप राहो."

दामिनीच्या डोक्यात काही क्षण नुसता गलका झाला. हेच आठ महिने. तेच घर, तीच भिंत, तीच जेवणं. ती एका बाजूला बसून याच्या मौनाचे हिशेब मांडत होती, आणि हा दुसऱ्या बाजूला बसून सुखात होता. तिच्या अबोल्यातून यानं माया काढली होती. आणि आता फक्त मान हलवायची होती. मान हलवणं त्याला शब्दांपेक्षा चांगलं कळलं असतं. हो, मीच काढलं. मग तो बूट घालून उठला असता, आणि दोन वाजता घंटी न ऐकता क्रेनखाली उभा राहिला असता, आनंदानं. तिला त्याच्यावर इतकं प्रेम कधी आलं नव्हतं आणि त्याच्याजवळ खरं बोलायची इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

"नाई," ती म्हणाली.

"काय?"

"मी नाई काढलं!" आवाज आपोआप चढला; चढवावाच लागला. "माह्या हातून चुकी झाली. आकडे हलले, नावं नाई हलले. मले माहीतच नव्हतं!" दार उघडं होतं. समोरच्या ओट्यावर मनकर्णाकाकी सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. अतुलनं बाहेर पाहिलं आणि तळहातानं खूण केली, हळू. दामिनीला हळू बोलता येणार नव्हतं. हळू बोललेलं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि पोचल्याशिवाय चालणार नव्हतं. "बळीरामकाकाचे कान चांगले आहेत! चांगले आकडे लागले तुमाले, आणि खराब त्यायले! मी तुमच्यासाठी काई नाई केलं! मी तर रागात होती आठ महिने!"

त्यानं ते सगळं वाचलं. एकेक शब्द तिच्या तोंडावरून उचलून घेतल्यासारखा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि ती बघत राहिली, कारण तोंड फिरवलं असतं तर त्याला पुढचं कळलं नसतं. पुढचं सांगायचं होतं. तिनं लॅपटॉप उचलून हातावर घेतला, त्याला स्क्रीन दिसेल असा धरला.

"तवा नाई केलं," ती म्हणाली. "आता करून राहिली. तुमच्यासाठीच." आणि तिनं मेल पाठवला.

 अतुलनं एकच बूट घातला होता तो काढला आणि अनवाणीच अंगण ओलांडून गल्लीत गेला. मनकर्णाकाकीच्या ओट्यासमोर उभा राहिला. ती सूप बाजूला ठेवून उठत होती. आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं, सगळी गल्ली ऐकत होती.

"काकी," तो म्हणाला, "काकाले सांगा, उद्यापासून ड्यूटीवर या. त्यायची जागा माह्यापाशी होती."